ताट धुतलेलं पाणी

हैदराबाद
६ जुलै १९९३

चि. विरूपाक्षास अक्काचा आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या मागोमाग रागसुद्धा.

चार दिवस राहून गेलास, लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला घेऊन आलास, घर भरल्यासारखं वाटलं. पण तुझं जेवण पाहून माझं डोकं फिरलं. चन्नबसम्मा जेवून उठली, भांडी घासून झाली, मी ड्यूटीचे कपडे चढवले, आणि तू अजून पहिल्याच भाकरीवर! म्हैससुद्धा रवंथ याहून लवकर उरकते. शिवाय घासागणिक पाणी. तांब्या मी तीनदा भरला. मधेच उठून न्हाणीत गेलास आणि डोळे लाल करून आलास, ते काय मला दिसलं नाही?

आई गेली तेव्हा तू तेरा दिवसांचा होतास आणि मी पंधरा वर्षांची. कापसाची वात म्हशीच्या दुधात भिजवून तुझ्या तोंडात पिळलीय मी. तू कसा गिळतोस हे तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. त्यातून बारा वर्षं पोटाच्या वॉर्डात नर्स आहे. तेव्हा मला बनवू नकोस. काय होतंय ते खरं लिही.

आप्पांना शरणार्थ सांग. दुकानात गोणी उचलू नका म्हणावं.

मल्लम्मा

---

चुडावा
१९ जुलै १९९३

ती. अक्कास शरणार्थ.

तुला हात जोडतो, पुन्हा कार्ड टाकू नकोस. इनलँड टाक, चिकटवून टाक. पोस्टमन रंगनाथने तुझं कार्ड दुकानात गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवलं. "विरूपाक्षराव, तुमच्या अक्का म्हशीची अन् तुमची बरोबरी करायल्यात की!" सगळं दुकान हसलं. आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, माझा मुलगा प्रसाद चावून चावून खातो, तुम्ही गिळता.

मला काही झालेलं नाही.

हे वाक्य लिहून अर्धा तास तसाच बसलो. बाकीचं लिहितो, पण वाचून फाडून टाक.

अक्का, घास इथं अडतो, छातीच्या मधोमध. खाली जात नाही, वरही येत नाही. पाणी ओतलं की कधी सरकतो. नाही सरकला तर न्हाणीत जाऊन बोट घालतो. कॉलेजात असल्यापासून आहे. आधी महिन्यातून एकदा, आता दिवसातून दोनदा. आणि आपल्या घरचा रिवाज तुला माहीत आहे. लिंगाला दाखवलेलं अन्न म्हणजे प्रसाद, ताटात कण ठेवायचा नाही, शेवटी ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचं. मला तोच आधार झालाय. मी ताट तीन-तीनदा धुतो आणि त्या पाण्याने शेवटचे घास खाली ढकलतो. लोकांना वाटतं केवढी भक्ती! आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगतात. मी ते ऐकतो आणि मान खाली घालतो. मला विनयशीलही म्हणायला लागलेत.

चन्नबसम्माला वाटतं तिच्या हाताला चव नाही. ती रोज काहीतरी नवीन करते आणि मी घासाकडे वैऱ्यासारखा बघतो. तिला काय सांगू?

विरू

---

हैदराबाद
२ ऑगस्ट १९९३

चि. विरू,

पत्र फाडलं नाही. कपाटात कुलूप लावून ठेवलंय. माझ्या नवऱ्याच्या आजारपणातही सगळे मला काही नाही, काही नाही म्हणत होते. मी तेव्हा नर्स नव्हते, विश्वास ठेवला. आता ठेवणार नाही.

नीट ऐक. घास आपल्या वजनाने पोटात पडतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. माणूस उलटा टांगला तरी घास पोटातच जातो, कारण अन्ननलिका त्याला ढकलते. मी परकराच्या नेफ्यात नाडी ओवायची ते आठवतं? पिनेच्या मागचं कापड बोटांनी गोळा करायचं, पुढचं सैल सोडायचं, की पिन पुढे सरकते. नळी अगदी तेच करते. घासाच्या मागे आवळते, पुढे ढिली होते. तुझ्या नेफ्याला कुणीतरी कडक खळ घातल्यासारखं झालंय. का, ते तपासल्याशिवाय कळणार नाही.

आमच्या डॉक्टर रझ्वींशी मी बोलले. ते म्हणाले, "भाई को लेके आओ सिस्टर, देर नक्को." ताबडतोब निघ.

निघेपर्यंत घट्ट काही खाऊ नकोस. दूध पी. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर, वर साय घालून. दूध कुठंच अडत नाही. लहानपणी अंगभर इसब होतं, बाळदम्याने छाती वाजायची, आणि तरी तू जगलास तो दुधावरच.

चन्नबसम्माला खरं सांग. बायकोपासून लपवलेलं दुखणं दुप्पट होतं.

अक्का

---

चुडावा
२१ ऑगस्ट १९९३

अक्का,

निघता आलं नाही, आणि आता सगळं संपल्यासारखं झालंय.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मठाचे स्वामी आपल्याकडे जेवायला होते. पंगतीला दीडशे माणूस. आप्पांनी मला स्वामींच्या शेजारी बसवलं. त्यांना सांगितलं, ह्याचं ताट बघा, महाराज. मी नाही म्हणायला हवं होतं. पुरणपोळीचा तिसरा घास अडला. पाणी प्यालो तर पाणीही वरच राहिलं. सगळी पंगत उठली, स्वामी माझ्यासाठी थांबले. दीडशे माणसं हात न धुता माझ्याकडे बघत उभी. मग ते जे झालं ते झालं. ताटातच झालं, अक्का. प्रसादाच्या ताटात, स्वामींच्या समोर.

शेजारच्या सुलाबाईंनी ताट उचललं. आप्पा मात्र उठून आत गेले, आणि दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आजवर पानी पिऊ पिऊ भक्तीचं सोंग केलंस. अन्न टाकलंस, म्हून अन्न तुला टाकायलंय." त्यांनी प्रायश्चित्त ठरवलंय. एकवीस सोमवार फक्त दुधावर. पुढच्या सोमवारपासून सुरू, दहा जानेवारीला उजवणी. सोमवार हुकवायचा नाही आणि लिंगपूजा घरच्याच देव्हाऱ्यात.

खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. दूध उतरतं. मी सोमवारचं नाव करून आठवडाभर दुधावरच राहणार आहे. चन्नबसम्माला आता सगळं माहीत आहे. ती त्या दिवशी रडली नाही. माहेरी गंगाखेडला गेली, आणि मला वाटलं गेली ती गेली. चौथ्या दिवशी टेम्पोत म्हैस घालून परत आली. वडिलांकडून आंदण मागून आणली म्हणे.

विरू

---

हैदराबाद
५ सप्टेंबर १९९३

विरू,

आप्पांना मी वेगळं पत्र टाकलंय. त्यात काय लिहिलंय ते तू विचारू नकोस, ते सांगणार नाहीत.

चन्नबसम्माला माझ्याकडून पोटाशी धर. म्हैस आणणारी सून आपल्या सात पिढ्यांत झाली नसेल. तिला सांग, दूध आटवून दे, दाट दे. कुठल्या का निमित्ताने होईना, पोटात अन्न जातंय.

पण ह्याला इलाज म्हणू नकोस. दोन सोमवारांच्या मधे सहा दिवस असतात. सोमवारी पूजा उरकून गाडीत बस, पुढच्या सोमवारच्या आत मी तुला परत पाठवते. तुझं वजन किती भरतं ते स्टेशनच्या काट्यावर बघून कळव.

अक्का

---

चुडावा
२८ नोव्हेंबर १९९३

ती. अक्कास,

पोचलो. तू ऑगस्टात बोलावलंस आणि मी नोव्हेंबरात आलो, त्याला मीच जबाबदार. भूकंपानंतर तुझ्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती हे खरं, पण मला तेवढंच निमित्त पुरलं. मला काय सापडेल याची भीती होती.

त्या पडद्यावर पाहिलेलं डोळ्यांपुढून जात नाही. पांढरं कालवण प्यायला दिलं आणि डॉक्टरांनी मला मान वळवून बघायला सांगितलं. अर्ध्यावर येऊन ते उभंच राहिलं. थोडं हललं, परत वर आलं. मी इतकी वर्षं आतून सोसत होतो ते बाहेरून पहिल्यांदा पाहिलं. आणि अक्का, मला आधी काय वाटलं सांगू? बरं वाटलं. हे सोंग नाही.

मग नाकातून ती बारीक नळी. घोटभर पाणी प्यायचं आणि कागदावर सुया हलायच्या. तू शेजारच्या माणसाचा कागद दाखवलास. वरची सुई उठली, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची, रांगेनं. माझ्या कागदावर कधी सगळ्या एकदम उठल्या, कधी एकही उठली नाही. ते दुसरे डॉक्टर म्हणाले, नळीचं तोंड कापून सैल करावं लागेल. रझ्वीसाहेबांचं बोलणं माझ्या लक्षात राहिलंय. "काटने से पहले नली से पूछो तो सही, तेरे को हुआ क्या." त्यासाठी त्यांनी आतले चार तुकडे घेतले. तुकड्यांचं काय झालं? सोमवार चुकेल म्हणून मी पळालो, तुला नीट भेटलोही नाही.

वजन एकेचाळीस किलो. सप्टेंबरात सेहेचाळीस होतं, तेव्हा तुला कळवलं नाही. आता कधी कधी दूधही थांबून जातं.

मला कापणार आहेत का? खरं लिही.

विरू

---

हैदराबाद
२० डिसेंबर १९९३

चि. विरू,

तुकडे तपासणाऱ्या बाईंना काही वेगळं दिसलंय, पण ते तुकडे लावलेल्या काचा दुसऱ्या मोठ्या माणसाकडे पाठवल्यात. काळजी करण्यासारखं काही नाही. उत्तर आलं की कळवते. तोवर कुणालाही नळी कापू देऊ नकोस, ताणू देऊ नकोस. दूध चालू ठेव.

थंडी आहे, कानाला रुमाल बांध.

अक्का

---

नांदेड
१७ जानेवारी १९९४

अक्कास चन्नबसम्माचा शरणार्थ.

अक्का, मी सातवी शिकलेली, चुकलं तर पदरात घ्या. हे मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहायले. ते जिवंत हायेत, हे आधी सांगते.

धा तारखेला उजवणी झाली. एकवीस सोमवार पुरे झाले. आप्पा लय खूष होते, त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. संक्रांतीला म्हणाले, आता त्याला आपल्या हातानं वाढ. मी तिळाची पोळी केली. दुधात भिजवून, कुसकरून दिली. त्यांनी आप्पांच्या तोंडाकडं बघितलं अन् खाल्ली.

दुपारपासून अडली ती अडलीच. पानी न्हाई, थुंकीसुद्धा गिळवंना. डबा धरून बसले. त्याच दिवशी विद्यापीठाचं नाव बदलल्याचं जाहीर झालं, यष्ट्या बंद, रस्त्यावर कुठं दगड, कुठं टायर. जीप कुनी काढंना. आप्पा तिघा-चौघांच्या दारात गेले. मग स्टेशनात जाऊन बसलो. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तवर ते बाकड्यावर माझ्या मांडीवर. आप्पा फलाटावर उभे, बसाच म्हनलं तर बसंनात.

हितल्या डॉक्टरनी नळी घालून पोळी काढली. काढताना आतून चीर गेली, रक्त लय गेलं. डॉक्टर म्हनले, माझा हात हलका होता हो बाई, पन आतलं कातडं कागदासारखं फाटायलं. आता तोंडानं काहीच न्हाई. नुसतं सलाईन. वजन सदतीस.

अक्का, मी तुमाला एकच इचारते. मी रोज दोन लीटर दूध देत होते. कधी पानी घातलं न्हाई. साय काढली न्हाई, लोनी काढलं न्हाई. म्हशीला सरकी-पेंड माझ्या हातानं चारली. तरी ह्यांचं वजन उतरत गेलं. माझं कुठं चुकलं? अजून काय देऊ ते सांगा, मी कुठूनबी आनते.

चन्नबसम्मा

---

हैदराबाद
२१ जानेवारी १९९४

चि. सौ. चन्नबसम्मा,

मी आज संध्याकाळच्या गाडीने निघतेय. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, नांदेडला उतरून तुझ्या हातात देणार आहे. तू वाचशील तेव्हा मी समोरच उभी असेन. हे तोंडाने बोलायचं माझ्यात बळ नाही, म्हणून लिहिते.

तुझं काहीही चुकलेलं नाही. चुकलं ते माझं.

काचांचा निकाल चार जानेवारीलाच आला होता. कॅन्सर नाही. मी डिसेंबरभर तीच भीती पोटात घेऊन हिंडत होते, म्हणून विरूला तुटक लिहिलं. रझ्वीसाहेबांनी मला काचेतून दाखवलं. नळीच्या अस्तरात लाल रंग घेणाऱ्या पेशी खच्चून बसल्यात. दम्यात, इसबात, अंगाला काही सोसत नसेल तेव्हा जमतात त्या. नळीत त्यांचं काय काम? पण त्या तिथं बसल्या की अस्तर सुजतं, कडक होतं आणि नळीची आवळायची-सोडायची रांग मोडते. घास ढकलायला मागे जोर नाही आणि पुढे जागा नाही. हा आजार नवाच आहे म्हणाले, त्यांनी परदेशी मासिकात नुकताच वाचला. कापायची गरज नाही. गोळ्यांनी सूज उतरेल.

मग त्यांनी विचारलं, लहानपणी इसब होतं का? दमा? मी हो म्हटलं. "बचपन से क्या खाता-पीता है?" मी सांगितलं, मोठ्या अभिमानाने सांगितलं, दूध. ते म्हणाले, पक्कं सांगता येत नाही, अंदाज आहे, पण सगळ्यांत आधी दूध बंद करून बघू. त्यानं भागलं नाही तर मग गहू.

चन्नबसम्मा, त्याच दिवशी मी पत्र लिहायला बसले. 'दूध देऊ नका' एवढंच लिहायचं होतं. तीनदा कागद फाडला. वात पिळणारी माझी बोटं मला दिसायला लागली. तेरा दिवसांचं लेकरू, त्याच्या गालावरच्या चट्ट्यांना पाणी सुटायचं, छाती वाजायची, आणि मी म्हणायचे, अशक्त आहे, अजून एक वात देऊ. गोळ्यांची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. उजवणी होऊ दे, मग स्वतः जाऊन सांगेन, असं मी मनाला समजावलं. संक्रांत आली तेव्हा चिठ्ठी पर्समध्येच होती. मी डॉक्टरांना विचारलं, दहा दिवस आधी गोळ्या लागल्या असत्या तर? ते म्हणाले, इतक्या लवकर फरक पडला नसता. ते चांगले गृहस्थ आहेत. माझा विश्वास बसत नाही.

तू भिजवून, कुसकरून दिलीस, त्यानेच तो वाचला असेल. म्हैस विकू नकोस. तिचा काय दोष?

आता वर बघ. मला जे बोलायचं ते बोल. मारलंस तरी चालेल.

मल्लम्मा

---

चुडावा
१२ मार्च १९९४

ती. अक्कास शरणार्थ.

मुद्दाम कार्डावर लिहितोय. रंगनाथला वाचू दे.

वजन बेचाळीस. गोळ्या चालू, दूध-दही-तूप बंद. म्हशीचं दूध आता शाळेपुढच्या चंद्रभानच्या हॉटेलात जातं. घास उतरतो, पण रोज नाही. परवा भात अडला, पाऊण तासाने गेला. गोळ्या जन्मभर घेता येत नाहीत हे तू सांगितलंसच. पुढचं तुला माहीत नाही, रझ्वीसाहेबांना माहीत नाही, मग मी कशाला विचारू?

चन्नबसम्मा म्हणते, तुमच्या अक्काला पत्र लिहा, त्या अजून रडत असतील. तू तिच्या पायाशी बसलीस तेव्हा तिनं तुला उठवून आपल्या डब्यातली भाकरी दिली, हे तिनं मला सांगितलं. मी अजून काय बोलू? तू पिळलेल्या वातीवर मी जगलो हेही खरंच आहे.

काल शिवरात्रीचं पारणं. मठात पंगत, तेच स्वामी. मी जाणार नव्हतो. आप्पा म्हणाले, चल. स्वतःच्या शेजारी बसवलं. निम्मी भाकरी आणि थोडं वरण गेलं, मग छातीत दाटलं. मी तांब्याला हात घातला. ताट धुऊन ढकलायची सवय. आप्पांनी माझा हात धरला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे." सगळी पंगत बघत होती, स्वामीही. आप्पांनी माझं ताट स्वतःपुढं ओढलं. बापानं मुलाचं उष्टं, अक्का, आपल्या घरात! उरलेली निम्मी भाकरी त्यांनी माझ्या वरणात कुसकरून खाल्ली. ताटात पाणी ओतलं, बोटांनी कडा धुतल्या, आणि पिऊन टाकलं.

मग मला म्हणाले, "ऊठ, झालं तुझं."

विरू